नववी 'ब'ची माती

सात नंबरच्या वाडग्यात काहीतरी हललं.

मी भिंगावरून डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा डोळा लावला. मातीच्या कणांमधून एक तांबूस ठिपका उड्या मारत निघाला होता. उडी, थांबा. उडी, थांबा. धूळ अशी जात नाही. धूळ बुडते नाहीतर तरंगते, तिला कुठं पोचायचं नसतं. याला खिडकीच्या उजेडाकडे जायचं होतं.

"मॅडम!"

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की डॉ. नफीसा मुकादम हातात चहाचा कप घेऊनच धावत आल्या. त्या माझ्या मार्गदर्शक. प्रयोगशाळेत खाण्यापिण्याचं काही आणायचं नाही म्हणून आम्हाला रोज बोलणाऱ्या.

"काय फुटलं?"

"अंडं!" मी म्हणाले. "सात नंबर. खांबे सरांची माती!"

त्यांनी कप दाराबाहेर फरशीवर ठेवला, पदर खोचला आणि वाकून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "दोन आहेत, वैजयंती."

मी अक्षरशः उडी मारली. एकतीस वर्षांची, पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली बाई, सकाळी पावणेनऊ वाजता पुण्याच्या एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर एकटीच नाचत होते. एप्रिल २०११ची गोष्ट.

एवढं नाचण्यासारखं काय होतं, ते सांगते. कोकणातल्या आणि घाटावरच्या कातळपठारांवर खडकात खळगे असतात. पावसाळ्यात त्यांत पाणी साचतं आणि त्या पाण्यात कोळंबीच्या लांबच्या नात्यातला एक जीव पोहतो. बोटाच्या पेराएवढा, काचेसारखा आरपार, आणि कायम पाठीवर उताणा. पाणी आटलं की तो मरतो, मातीत त्याची अंडी राहतात. एकेक अंडं राईच्या दाण्याच्या आठव्या हिश्शाएवढं. आत भ्रूण वाढायला लागलेला असतो. एका पेशीच्या दोन होतात, चार होतात, काही हजार होतात, आणि मग सगळं थांबतं. मरत नाही, थांबतं. पुन्हा पाणी मिळालं की दीड-दोन दिवसांत उरलेली वाढ पुरी करून पिल्लू बाहेर येतं.

भ्रूण असा किती वर्षं थांबू शकतो, हा माझा विषय. मॅडमनी साताऱ्याकडच्या पठारावरून आठ वर्षं माती गोळा करून ठेवली होती. जुनी माती, कमी पिल्लं, असा हिशेब दिसत होता. थांबलेल्या भ्रूणाला सांभाळणारं एक प्रथिनही त्याच प्रमाणात कमी होत जात होतं. आठ वर्षांपर्यंतचे ठिपके मी कागदावर मांडले आणि पुढची रेघ पट्टीनं ओढली. ती बारा वर्षांपाशी शून्याला टेकली. बारा वर्षांनंतर भ्रूण पुन्हा सुरू होऊ शकत नाही, असा माझा निष्कर्ष. त्याच्यावर प्रबंधाचं चौथं प्रकरण उभं होतं, आणि त्याच्यावरच लिहिलेला लेख एका मोठ्या नियतकालिकानं स्वीकारला होता. माझं पहिलं नाव, पहिलाच लेख. छपाईपूर्वीची प्रत कधीही येणार होती.

आणि खांबे सरांची माती सव्वीस वर्षांची होती.

यशवंत खांबे हे राजापूरच्या बाजूच्या आंबेसडे गावातले निवृत्त मुख्याध्यापक. मार्चमध्ये मी तिकडच्या सड्यावर, म्हणजे कातळपठारावर, माती गोळा करायला गेले होते, तेव्हा त्यांची ओळख झाली. माझं काम ऐकल्यावर ते आत गेले आणि एक जाड काचेची बाटली घेऊन आले. झाकणाला मेण, बाहेर चिठ्ठी: 'मधला खळगा. १४ डिसेंबर १९८४. नववी ब.' विज्ञान शिकवताना त्यांनी वर्गाला सड्यावर नेलं होतं. पोरांनी त्या जिवाचं नाव ठेवलं होतं 'उताणी'. पाणी आटल्यावर तीच पोरं जाऊन ही माती खरवडून घेऊन आली होती.

"घेऊन जा," सर म्हणाले होते. "तुझ्या कामाला आली तर बघ."

मी नेली. अर्धी वापरली, अर्धी ठेवली. आणि आता सात नंबरमध्ये दोन पिल्लं उड्या मारत होती.

मी तिथूनच फोन लावला.

"सर, उताणी आलीत!"

मला वाटलं फोन कटला.

"सर?"

"पुन्हा सांग," ते म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता.

"उताणी आलीत, सर. दोन आहेत. उजेडाकडे धावतायत!"

"सुलभा!" सर फोन तसाच धरून ओरडले. "अगो, उताणी आलीत!" पाठीमागून काकूंचा आवाज आला, "कोण आलंय? चहा टाकू?"

मी हसत हसत फोन ठेवला आणि वळले, तर मॅडम माझी चाळणी उजेडाला धरून बघत होत्या. त्यांचा चेहरा हसरा नव्हता.

"फोन करायची घाई केलीस," त्या म्हणाल्या. "ही चाळणी कुठली?"

"आपलीच. उकळत्या पाण्यानं धुतली होती."

"ही अंडी उकळत्या पाण्यानं मरतात असं तुला कोणी सांगितलं?"

कोरडी अंडी भयंकर चिवट असतात, हे मीच पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं. चाळणीच्या जाळीत आमच्याच साठ्यातलं एखादं अंडं अडकलेलं असलं तर?

"तपासू," मॅडम म्हणाल्या. "आपल्या साठ्यातल्या जिवांचा जनुकीय मजकूर आपल्याकडे आहेच. ही दोन पिल्लं पाठव. जुळलं तर आपली, नाही जुळलं तर त्यांची."

पिल्लं चार दिवस वाढवली आणि पाठवली. निकालाला दहा दिवस लागणार होते. ते दहा दिवस मी नीट जेवलेसुद्धा नाही. आनंद होता आणि धास्तीही होती. ती माती जिवंत असेल तर माझी रेघ खोटी. लेख खोटा. शिष्यवृत्ती जुलैत संपणार होती. पण खरं सांगते, त्या दहा दिवसांत आनंदच जास्त होता. सव्वीस वर्षं! माझी मोठी बहीण त्या वर्षी शाळेत जायला लागली होती, तेव्हा हा भ्रूण थांबला आणि परवा पुन्हा चालायला लागला. मी बसमध्ये अनोळखी बायकांना हे सांगत सुटले होते.

सातव्या दिवशी छपाईची प्रत आली. दोन आठवड्यांत तपासून परत पाठवा, असं त्यात लिहिलं होतं.

दहाव्या दिवशी निकाल आला. दोन्ही पिल्लांचा मजकूर आमच्या साठ्याशी अक्षरन् अक्षर जुळत होता. ती आमचीच होती, सातारकर. चाळणीतून आली होती.

आता एक गोष्ट सांगते, जी मी त्या वेळी कोणाला सांगितली नाही. निकाल वाचल्यावर मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं. लेख वाचला, प्रकरण वाचलं. मी खुर्चीत टेकून डोळे मिटले. मग दुसऱ्याच क्षणी सरांचा 'पुन्हा सांग' आठवला आणि स्वतःची लाज वाटली.

"आता?" मी मॅडमना विचारलं.

"आता काय? आपली चूक सापडली. त्या मातीबद्दल आपल्याला अजून काहीच कळलेलं नाही." त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. "अर्धी शिल्लक आहे."

"आणि लेख?"

"पहिलं नाव तुझं आहे. तुझं तू ठरव. मी सांगणार नाही."

त्या खरंच काही सांगणार नाहीत हे मला माहीत होतं. ती अर्धी बाटली कपाटात राहिली असती तर जगात कोणाला काही कळलं नसतं. मी बाटली पिशवीत घातली आणि एसटीत बसले. सरांना येतेय एवढंच कळवलं, निकाल फोनवर सांगायचं धाडस नव्हतं. वाटलं, समोर जाऊन माफी मागावी आणि बाटली परत करावी.

फाट्यावर उतरले तर सर स्वतः घ्यायला आलेले. शेजारी एका जीपला टेकून चाळिशीतला, दणकट, लाल मातीनं माखलेला माणूस उभा.

"हा दिगंबर मांडवकर," सर म्हणाले. "नववी ब. माती खरवडायला हा सगळ्यांत पुढं होता. आता जांभ्या दगडाची चिरेखाण आहे याची. बातमी सांगितली तशी हातातलं काम टाकून आला."

"उताणी कुठायत, मॅडम?" दिगंबरनी विचारलं. "आणलीत?"

मला तिथंच रडू येईल असं वाटलं. घरी जाईपर्यंतही थांबवेना. फाट्यावरच, जीपच्या बोनेटपाशी उभं राहून सगळं सांगितलं. चाळणी, निकाल, साताऱ्याची पिल्लं. "सर, चूक माझी. मी घाईनं फोन केला."

दिगंबर खाली बघायला लागला. सर मात्र माझ्याकडे बघत राहिले.

"म्हणजे आमची माती अजून तपासलीच गेली नाही."

"नाही तपासली गेली असं नाही. आमची पिल्लं तिच्यात आली, त्यामुळे—"

"तेच. पेपर फुटला म्हणून परीक्षा रद्द. पोरं नापास झाली असं नाही होत त्यानं." ते जीपमध्ये चढले. "बाटली आणलीस ना? मग पुन्हा घे परीक्षा. इथंच घे. इथं तुझ्या साताऱ्याचं एक अंडं यायचं नाही."

घरी पोचल्यावर मी दारात उभी राहून विचार करत होते. बोलणं चुकीचं नव्हतं. उलट, पुण्यापेक्षा ही जागा शंभर पटींनी स्वच्छ होती. या घरात आमच्या साठ्यातलं काही कधीच आलं नव्हतं. फक्त मी आले होते.

"काकू," मी म्हणाले, "मला आधी डोक्यावरून आंघोळ करायला लागेल. आणि तुमची एक साडी द्या. माझे कपडे या घरात नकोत."

"सोवळ्यातला प्रयोग आहे वाटतं," काकू म्हणाल्या, आणि पाणी तापवायला गेल्या.

मग जी धांदल उडाली! पाणी कुठलं घ्यायचं? विहिरीचं नको, त्यात काय असेल सांगता येत नाही. दिगंबर म्हणाला, "माझ्याकडे बॅटरीत घालायचं पाणी आहे. सीलबंद कॅन. चालेल?" चालेल काय, तेच हवं होतं. शुद्ध, क्षार नसलेलं, पावसाच्या पाण्याच्या जवळचं. तो जीप घेऊन गेला आणि कॅनबरोबर बाजारातून काचेचे सहा नवे वाडगे आणि नवा चमचा घेऊन आला. सरांनी शाळेतला सूक्ष्मदर्शक मागवला.

राहिला एकच प्रश्न, आणि तो सगळ्यांत मोठा. बाटली मी पुण्यात उघडली होती. वरच्या मातीत आमची अंडी पडलेली असू शकत होती.

"तळाची घे," सर म्हणाले.

"चमचा वरूनच जाणार ना, सर. वरची माती खाली जाईल."

ते थोडा वेळ बाटलीकडे बघत बसले. माती आत दगडासारखी घट्ट बसली होती. त्यांनी चिठ्ठी नखानं अलगद सोडवली, वहीत ठेवली.

"मग बाटली फोडू."

काकूंनी जुनं धुतलेलं लुगडं दिलं. त्यात गुंडाळून सरांनी बाटली अंगणातल्या पायरीवर आपटली. एकदा, दोनदा. काचा बाजूला केल्यावर आतून बाटलीच्याच आकाराचा मातीचा गड्डा निघाला. मी नव्या सुरीनं वरचा भाग कापून टाकला, बाजू तासल्या. उरला तो लिंबाएवढा गाभा, ज्याला १९८४नंतर हवासुद्धा लागली नव्हती. तो पाच वाडग्यांत कुस्करला. सहाव्यात नुसतं पाणी. त्यात काही आलं असतं तर घरात कुठूनतरी शिरलं असं समजायचं. मागल्या खोलीत खिडकीजवळ सगळे वाडगे मांडले, वर काचा झाकल्या. दुपारचे चार वाजले होते.

चिमूटभर माती मी सूक्ष्मदर्शकाखाली मोजली होती. त्यावरून सगळी मिळून सव्वाचारशे अंडी असावीत. माझ्या रेघेप्रमाणे त्यांतून शून्य पिल्लं यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही. मी तासातासाला बघत होते. दिगंबरही सकाळी आला तो गेलाच नाही. दुपारी ओटीवर बसल्या बसल्या तो एकदम म्हणाला, "मधला खळगा माझ्या खाणीत गेला, मॅडम. नऊ वर्षं झाली. तुम्हाला सरांनी सांगितलं नसेल."

सरांनी सांगितलं नव्हतं. ते पेपर वाचत होते, पान उलटलं नाही.

"चिरा चांगला होता तिथं," दिगंबर म्हणाला. "तेव्हा उताणी-बिताणी डोक्यात नव्हती. पोरीचं लग्न नव्हतं, कर्ज नव्हतं, कसली सबब नाय. चिरा चांगला होता, काढला."

काकू आतून पन्हं घेऊन आल्या आणि सगळे ते प्यायले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी उठले तर सर आधीच खिडकीपाशी होते. हात लावायचा नाही असं मी बजावलं होतं, म्हणून हात पाठीमागं बांधून वाकले होते.

"वैजयंती," ते कुजबुजले, जणू जोरात बोललं तर काही बिघडेल. "मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यानं बघतोय मी. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. पण तीन नंबर बघ."

मी तीन नंबरमधलं थेंबभर पाणी काचेवर घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. एक अंडं मधोमध उललं होतं. भेगेतून एक पारदर्शक पिशवी बाहेर लोंबत होती आणि त्या पिशवीत पिल्लू होतं. पूर्ण घडलेलं. एक लाल डोळा, दोन्हीकडे मिटलेले हात. मी बघत असतानाच ते थरथरलं. थांबलं. पुन्हा थरथरलं. मग एकदम पिशवी फाटली, हात उघडले आणि ते माझ्या दृष्टीच्या वर्तुळातून बाहेर पोहत गेलं.

मला ओरडता येईना. मी नुसती बाजूला सरकले आणि सरांना खुर्चीत बसवलं.

"दुसरं पण फुटतंय," ते डोळा लावून म्हणाले. "हात काढलान्... काढलान्... गेलं! गेलं, सुलभा! अगो ये लवकर!"

काकू आल्या, दिगंबर जीपमधून उतरून धावत आला. खोलीत नुसता गोंधळ. दिगंबरनी सूक्ष्मदर्शकाला हात लावायला नकार दिला, "मोडंल माझ्या हातानं." मग मी एका वाडग्याच्या बाजूला विजेरी धरली. मिनिटभरात तांबूस ठिपके उड्या मारत उजेडापाशी गोळा झाले. तो एवढा थोरला माणूस जमिनीवर पालथा झोपला आणि वाडग्याला नाक लावून मोजायला लागला.

"चार... नाय, पाच. ह्यो सहावा."

संध्याकाळपर्यंत पाच वाडग्यांत मिळून अकरा झाली. सहाव्या वाडग्यात, नुसत्या पाण्यात, काही नव्हतं.

सव्वाचारशेंपैकी अकरा. आकडा छोटा होता, पण तो शून्य नव्हता, आणि त्यात सगळं आलं. ओळीनं सगळे मरतात असं मी म्हटलं होतं. पण काही भ्रूण बाकीच्यांसारखे नव्हते. ते खूप जास्त वाट बघायला बनलेले होते. मी आठ वर्षांचे ठिपके बघून पट्टी लावली आणि पट्टीच्या टोकाला काय असेल ते बघायला गेलेच नव्हते. माझं डोकं भणभणत होतं. हे कोण होते? त्यांना आईनंच वेगळं घडवलं होतं की मातीत गेल्यावर ते वेगळे झाले? चार वर्षांत मला एकही प्रश्न एवढा हवासा वाटला नव्हता.

मी मॅडमना फोन केला. या वेळी ओरडले नाही. चाळणी नाही, पाणी कुठलं, बाटली कशी फोडली, साडी कोणाची, सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "नुसत्या पाण्याचा वाडगा?"

"रिकामा."

पलीकडून एक विचित्र आवाज आला. मुकादम मॅडम हसत होत्या. चार वर्षांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं.

"जनुकीय तपासणी होईपर्यंत मी काही बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "पण वैजयंती, चौथं प्रकरण गेलं, माहितीये ना?"

"गेलं, मॅडम."

"किती छान गेलं!"

गावात तेव्हा इंटरनेट नव्हतं. दिगंबरच्या जीपमधून राजापूरला गेले आणि एका सायबर कॅफेत बसून संपादकांना चार ओळींची मेल लिहिली. लेख मागे घेत आहे, मुख्य निष्कर्ष चुकीचा असल्याचं आढळलं आहे. बटण दाबलं आणि बाहेर येऊन दिगंबरबरोबर उसाचा रस प्यायले, दोन ग्लास.

परत आल्यावर सरांना ते सांगितलं जे राहिलं होतं. ते ओटीवर एकटेच होते.

"सर, मार्चमध्ये मी तुमच्याकडून माती नेली ना, ती मेलेली आहे असं धरूनच नेली होती. लेखात एक ओळ घालायची होती मला. 'सव्वीस वर्षांची माती तपासली, काही निघालं नाही.' तेवढ्यासाठी. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही."

सरांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं, पण ते हसत होते.

"आणि मी काय समजून दिली असेन?"

"म्हणजे?"

"अगं, मुलाकडे वसईला जायचंय आम्हाला कायमचं. घर आवरायला काढलं होतं. हिनं ती बाटली टाकायच्या ढिगात ठेवली. माझा हात होईना टाकायला. तेवढ्यात तू आलीस. म्हटलं, शिकलेली पोर आहे, चार दिवस ठेवून मग टाकील. मातीला जरा बरं मरण येईल." त्यांनी डोळे पुसले. "माझा कुठं विश्वास होता? तू त्या दिवशी फोनवर ओरडलीस ना, तिथून बसला विश्वास. मग तू येऊन ते खोटं होतं म्हणालीस, पण तोवर उशीर झाला होता. बसलेला विश्वास उठेना."

पुढचं थोडक्यात सांगते. अकरांपैकी सात मोठी झाली. नरांच्या कपाळावरची शिंगं आमच्या साताऱ्याच्या जातीपेक्षा निराळ्या वळणाची होती, आणि जनुकीय मजकूरही जुळला नाही. ती आंबेसड्याचीच होती. माझी पीएच.डी. दोन वर्षं लांबली. शिष्यवृत्ती संपल्यावर मी एका कॉलेजात तासांवर शिकवलं. नवा लेख यायला तीन वर्षं लागली. आज तेरा वर्षांनी मी स्वतःची प्रयोगशाळा चालवते आणि ते जास्त थांबणारे भ्रूण हाच माझा विषय आहे. त्यांना कोण थांबवून धरतं याचा अर्धामुर्धा पत्ता लागलाय. ते किती थांबू शकतात, याचा अजून नाही.

पण त्या मुक्कामातली मला सगळ्यांत आवडती वेळ पिल्लं निघाली ती नाही. तिच्या दुसऱ्या दिवशीची दुपार.

मी निघायच्या तयारीत होते. दिगंबर मला फाट्यावर सोडणार होता. तो जीप सुरू करायचं सोडून स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. सर पोचवायला बाहेर आले होते.

"मॅडम," तो म्हणाला, "खाण काढताना आम्ही आधी वरचा थर काढतो. माती, बारीक दगड. तो चिऱ्यात चालत नाय. मधल्या खळग्यातली माती पण त्यातच गेली असणार."

"हो. मग?"

"तो थर मी फेकला नव्हता." त्यानं सरांकडे बघितलं. "सर, तुम्ही तेव्हा मुख्याध्यापक होता. शाळेच्या मागं मैदान करायचं होतं, भराव मागितला होतात माझ्याकडे. चार ट्रक दिले मी फुकट. आठवतंय?"

सर फाटकाला धरून उभे राहिले.

"त्याच मैदानावर मी निवृत्तीचं भाषण केलं," ते म्हणाले. "अरे, रोज प्रार्थना व्हायची तिथं."

"किती खोल असेल?" मी विचारलं. माझा आवाज वर गेला होता.

"हात-दीड हात. नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं थांबली असतील का पण, एवढी पोरं वर नाचत असताना?"

एक महिन्यापूर्वी मी या प्रश्नाचं उत्तर आकड्यात दिलं असतं, दशांशचिन्हासकट.

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि मला एवढा आनंद झाला की पिशवी खाली टाकून मी जीपमधून उतरले. "माहीत नाही, दिगंबर! फावडं आहे का?"

"मागं दोन आहेत."

"माझी एसटी?"

"उद्या पण असते," सर म्हणाले. ते जीपच्या मागच्या बाजूला चढतसुद्धा होते, बासष्टाव्या वर्षी, धोतर वर खोचून. आतून काकू विचारत होत्या कुठं निघालात म्हणून. उन्हाळ्याची सुट्टी होती, शाळा बंद, मैदान रिकामं तापलेलं. पहिल्या पाच खड्ड्यांत काही मिळालं नाही. सहाव्यात मातीचा रंग बदलला, आणि दिगंबरनी फावडं टाकून गुडघ्यांवर बसत हातानं उकरायला सुरुवात केली.

त्या सहाव्या खड्ड्यातल्या मातीतून पुढं एकशेचार पिल्लं निघाली. त्यांची पिल्लावळ आज शेजारच्या सड्यावरच्या दोन खळग्यांत आहे. त्या सड्याचा चिरासुद्धा चांगला आहे, असं दिगंबर म्हणतो. त्याला हात लावायचा नाही, हेही तोच म्हणतो.